क्रेडल माउंटनचे शिखर: सह्याद्रीतल्या सवयीच्या भरवशावर एका दिवसात जावे का?

प्रश्न (यारा_काठचा):

नमस्कार. आम्ही मेलबर्नला राहतो आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात टास्मानियाला जाणार आहोत. त्यातला एक पूर्ण दिवस क्रेडल माउंटन–लेक सेंट क्लेअर राष्ट्रीय उद्यानातल्या क्रेडलच्या शिखरासाठी राखून ठेवला आहे. पुण्याहून आलेले माझे बाबाही सोबत असतील. त्यांचे वय ६३ आहे, दर रविवारी ते सिंहगड चढतात आणि बारा वर्षांपूर्वी नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर गेलेले आहेत. नकाशा पाहताच त्यांनी शेरा मारला की क्रेडलची उंची १,५४५ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून शंभर मीटर कमी, मग जाऊन यायला सहा ते आठ तास कशाला लागतात? मला त्यांना नेमके उत्तर देता आले नाही. माहितीपत्रकात शेवटचा टप्पा 'शिळांवरून चढाई' एवढ्याच शब्दांत आटोपला आहे. तो टप्पा प्रत्यक्षात कसा आहे, आणि त्यांना वर न्यावे की नाही, हे तिथे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे.

उत्तर (डोंगरवेडी_होबार्ट):

मी तीनदा गेले आहे, त्यांपैकी दोनदा शिखरावर पोहोचले आणि एकदा वाटेतून परतले.

बाबांचा हिशेब उंचीपुरता बरोबर आहे, पण इथे खरी अडचण उंचीची नाहीच. जिथून चालायला सुरुवात होते तो डव्ह लेकचा वाहनतळ साधारण ९४० मीटरवर आहे, त्यामुळे निव्वळ चढ सहाशे मीटरच्या आसपास भरतो आणि बारी गावातून कळसूबाईला जाताना त्याहून जास्त चढावे लागते. फरक असा की कळसूबाईला शेवटपर्यंत पायाखाली वाट असते आणि अवघड कातळावर लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत, तर क्रेडलच्या शेवटच्या टप्प्यात वाट नावाची गोष्टच उरत नाही. सुरुवातीला मॅरियन्स लुकआउटपर्यंत एक खडा चढ आहे, तिथे आधाराला साखळी लावलेली आहे. त्यानंतर पठारावरून, बऱ्याच ठिकाणी लाकडी फळ्यांवरून, ओव्हरलँड ट्रॅक या लांब पल्ल्याच्या पायवाटेने किचन हट या दुमजली लाकडी खोपटापर्यंत आरामात जाता येते. या खोपटाला वरच्या मजल्यावरही दार ठेवलेले आहे, कारण हिवाळ्यात बर्फ साचून खालचे दार बुजते. हे खोपट आणीबाणीच्या आसऱ्यासाठी आहे, मुक्कामासाठी नाही. बाबांना आधी ते वरचे दार दाखवा, म्हणजे इथली हवा काय चीज आहे ते वेगळे सांगावे लागणार नाही.

किचन हटच्या पुढे मात्र डोलेराइटच्या शिळांचा ढीग लागतो. काही शिळा ट्रंकेएवढ्या आहेत, काही मारुती व्हॅनएवढ्या, आणि त्यांच्यामधल्या फटींत सबंध पाय मांडीपर्यंत जाऊ शकतो. खांब रोवून दिशा दाखवलेली आहे, पण एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत कसे जायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे. दोन्ही हात लावावे लागतात, काही जागी बसून सरकावे लागते आणि उतरताना तोंड खडकाकडे करून खाली पाय चाचपावा लागतो. माथा आला असे वाटत असतानाच एका खाचेत उतरावे लागते आणि पलीकडून पुन्हा चढावे लागते. बरेच लोक तिथे मनाने खचतात. ज्याने नळीची वाट केली आहे त्याला हे तंत्र परके नाही, पण बारा वर्षांपूर्वीचे गुडघे आणि आजचे गुडघे यांत फरक असतो, हे त्यांच्याशी जरा जपून बोला.

किचन हटवरून शिखरावर जाऊन परत हटपाशी यायला तुम्हाला अडीच ते तीन तास लागतील असे धरून चाला. एप्रिलअखेर सूर्य साडेपाचच्या आधीच मावळतो. म्हणून सकाळच्या पहिल्या शटल बसने निघा आणि दुपारी एक वाजता जिथे असाल तिथून मागे फिरा, मग शिखर समोर दिसत असले तरी. शटल सुरू असते त्या वेळात खासगी गाडी आत नेऊ देत नाहीत, तेव्हा परतीची शेवटची बस किती वाजता आहे ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा. निघण्याच्या जागी नोंदवही असते, तिच्यात जाताना नाव लिहा आणि परत आल्यावर न विसरता परतीची नोंद करा.

उत्तर (घसारा):

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, फक्त ओल्या खडकाबद्दल माझी स्वतःची फजिती सांगतो.

आपल्या बेसाल्टप्रमाणेच डोलेराइटही वितळलेल्या खडकाच्या रसापासून बनलेला, पण तो जमिनीवर न पसरता जमिनीखालीच मुरून थंड झालेला दगड आहे. टास्मानियातला हा दगड जुरासिक काळातला आहे, म्हणजे सह्याद्रीपेक्षा दहा कोटी वर्षांहून अधिक जुना. कोरडा असताना त्यावर बूट इतका घट्ट बसतो की माणसाला फाजील आत्मविश्वास येतो. त्याच्यावर दगडफुलाचे जे पापुद्रे असतात ते भिजले की मात्र साबण लावल्यासारखे होतात. मी गेलो तेव्हा सकाळी लख्ख ऊन होते. माथ्यावरून बार्न ब्लफ हा शेजारचा डोंगर स्पष्ट दिसत होता. वीस मिनिटांत पश्चिमेकडून धुके आले, मग बारीक गारा पडू लागल्या, आणि उतरताना माझा डावा पाय घसरून दोन शिळांच्या मध्ये अडकला. हाड मोडले नाही, पण नडगीची साल निघाली आणि चढताना पाऊण तासात पार केलेले अंतर उतरायला मला दोन तास लागले. हातमोजे सॅकच्या तळाशी होते आणि ते काढेपर्यंत बोटे इतकी बधिर झाली होती की चेन ओढता येईना.

म्हणून पाणी अडवणारे जाकीट, लोकरीची टोपी, हातमोजे आणि हेडटॉर्च या वस्तू सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा. इथे कोणत्याही महिन्यात बर्फ पडू शकतो, आणि शिळांवर बर्फ किंवा पातळ हिमाचा थर दिसला तर शिखराचा विचार सोडून द्या. फोनच्या रेंजवर विसंबू नका. उपग्रहामार्फत थेट बचावयंत्रणेला संदेश पाठवणारा पीएलबी भाड्याने मिळाला तर जरूर घ्या.

आणखी एक सांगतो. सॅक कुठे टेकवून लांब जाऊ नका. इथल्या काळ्या करावांग पक्ष्यांना चोचीने चेन उघडता येते आणि त्यांनी माझे थालीपीठ माझ्या डोळ्यांदेखत नेलेले आहे.

उत्तर (सावकाश_चालणारा):

मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. बाबांना 'न्यावे की नाही' हा प्रश्न तुम्ही इथे विचारता आहात, पण त्यांना विचारलात का? माझे वय ६६ आहे आणि दोन वर्षांपूर्वी मी मुलीबरोबर किचन हटपर्यंत गेलो. पुढच्या शिळा बघून मीच म्हणालो की मी इथे थांबतो. मुलीने आधीच ठरवून मला खाली ठेवले असते तर मला राग आला असता.

शिवाय एप्रिलअखेर फेगसची पाने पिवळी, केशरी होऊन गळतात. थंडीत पाने गाळणारे हे ऑस्ट्रेलियातले एकमेव मूळचे झाड आहे आणि क्रेटर लेकच्या काठावर ते भरपूर आहे. त्यामुळे जाताना डव्ह लेकऐवजी रॉनी क्रीककडून क्रेटर लेकच्या वाटेने चढा. ज्या ऑस्ट्रियन माणसाने हा परिसर लोकांसाठी राखून ठेवावा म्हणून आयुष्य वेचले, त्या गुस्टाव वाइनडॉर्फरने १९१२ साली बांधायला घेतलेले वाल्डहाइम हे लाकडी घरही तिथून जवळ आहे. आज उभी आहे ती त्याची प्रतिकृती. संध्याकाळी रॉनी क्रीकच्या गवतात वाँबॅट हे इथले गुबगुबीत प्राणी चरताना दिसतात. तुमच्या बाबांचा दिवस शिखराशिवायही भरगच्च जाईल.

यारा_काठचा:

सर्वांचे मनापासून आभार. हे तिन्ही प्रतिसाद बाबांना वाचून दाखवले. 'बारा वर्षांपूर्वीचे गुडघे' या वाक्यावर ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग त्यांनीच ठरवले की रॉनी क्रीककडून चढायचे, किचन हटला डबा खायचा आणि पुढचे तिथे खडक कोरडा आहे की ओला ते पाहून ठरवायचे. ते थांबले तर मीही थांबणार, कारण एकट्याने त्या शिळांवर जायची माझी तयारी नाही. थालीपीठ मात्र खिशात ठेवणार असल्याचे त्यांनी घसारा यांना कळवायला सांगितले आहे.