‘रिसीट’मधला पी लिहायचा तरी कशाला?

जमाखर्च
वीस वर्षं हिशेबाचं काम करतेय आणि वीस वर्षं ‘रिसिप्ट’ म्हणतेय. कुणी हटकलं नाही. काल नवी लागलेली मुलगी हळूच म्हणाली, “मॅडम, रिसीट. पी सायलेंट असतो.” डिक्शनरीतला आवाज तीनदा ऐकला. पोरगी बरोबर आहे. पण मग तो पी तिथे बसलाय कशाला? आणि एकाच शब्दाचा अर्थ पावतीही आणि जमाही, हे कसं काय?

उगाच_एक
मीही रिसिप्टच म्हणतो. आजवर कुणाचं अडलं नाही.

जुनी_शाई
अडत नाही, पण गोष्ट मजेची आहे. हा शब्द इंग्रजीत आला तो फ्रेंचमधून, पीशिवायच. पुढे लॅटिन ‘रेसेप्टा’शी नातं दिसावं म्हणून पंडितांनी स्पेलिंगमध्ये पी घुसवला. बोलणाऱ्यांनी दाद दिली नाही. कर्जाच्या ‘डेट’मधला आणि ‘डाउट’मधला बी असाच मागून आलेला. गंमत म्हणजे ‘डिसीट’ आणि ‘कन्सीट’ याच घराण्यातले, त्यांना पी नाही! ‘रिसेप्शन’मध्ये मात्र तो खणखणीत वाजतो. त्यामुळे नियम शोधत बसू नका. जोर ‘सीट’वर द्या, झालं.

अर्थाचं कोडं सोपं आहे. मुळात ‘मिळणं’. म्हणून ‘ऑन रिसीट ऑफ’ म्हणजे मिळाल्यावर, अनेकवचनी ‘रिसीट्स’ म्हणजे मिळालेले पैसे, आणि मिळाल्याचा कागद तो पावती. पूर्वी रिसीट म्हणजे औषधाची किंवा पदार्थाची कृतीसुद्धा! ते काम पुढे ‘रेसिपी’ने घेतलं. रेसिपी म्हणजे लॅटिनमध्ये ‘घे’. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची आर-एक्ससारखी खूण हे त्याचंच लघुरूप.

आणि आपली ‘पावती’ पाहा. ‘पावणे’ हे संस्कृत ‘प्राप्’वरून आलेलं. शेवटच्या प चा बोलता बोलता व झाला, आणि आपण सरळ व लिहिला. संस्कृतची आठवण राहावी म्हणून कुणी ‘पाप्वती’ लिहायला लावलं नाही, हे नशीब.

उगाच_एक
पाप्वती 😄 ई आधी की आय, हा घोळ मात्र माझा अजून होतो.

जुनी_शाई
इथे सीनंतर ई आधी. रिसीव्ह, डिसीव्ह, सीलिंग आठवा. ‘सायन्स’ मात्र आठवू नका.

जमाखर्च
म्हणजे ‘पत्र पावलं’मधलं पावणं आणि पावती एकच! इतकी वर्षं पावत्या फाडल्या, कधी लक्षात आलं नाही. त्या मुलीला सोमवारी सांगते.

आणखी एक अर्थ राहिला बरं का. परवा भाचा फोनवर कुणाला तरी दम देत होता, “माझ्याकडे रिसीट्स आहेत!” मी म्हटलं, दे इकडे, तारखेनुसार लावून देते. तर सगळे चॅटचे स्क्रीनशॉट निघाले.