'संशयकल्लोळ'च्या पोशाखांची मूळ रंगचित्रं: जपायची कशी, त्यावरून शिवायचं कसं?

वैनगंगाकाठ:
रामराम मंडळी. आरमोरी तालुक्यातल्या आमच्या नाट्यमंडळाच्या पेटीत 'संशयकल्लोळ'च्या पोशाखांची ११ मूळ चित्रं आहेत. जाड ड्रॉइंग पेपर, जलरंग, जरीच्या जागी पोस्टर कलरचा जाड थर. कोपऱ्यात टाचणीनं लावलेले कापडाचे तुकडे, बाजूला पेन्सिलीत मापं. टाचण्या गंजल्या, दोन कागदांना कसर लागली. नाटकातल्या संशयी नवऱ्याचं, म्हणजे फाल्गुनरावाचं, चित्र हार्डबोर्डवर चिकटवलेलं असून त्याच्या पिवळ्या रंगाचे पापुद्रे सुटताहेत. यंदा मंडईत (दिवाळीनंतरची आमच्याकडची जत्रा) हेच नाटक लावायचं आहे. काही जण म्हणतात, लॅमिनेशन करून शिंप्याकडे द्या. काय करावं?

कागदवैद्य:
भाऊ, लॅमिनेशन अजिबात नको. गरम रोलरखाली रंगाचा थर प्लास्टिकला धरतो, मग चित्र सोडवायला मार्गच उरत नाही. सेलोटेपही नको, तिचा डिंक कागदात उतरून तपकिरी डाग पाडतो.

आधी फोटो काढा. चित्र सपाट, कॅमेरा बरोबर वर, दोन सारखे दिवे दोन बाजूंनी ४५ अंशांत, फ्लॅश बंद, शेजारी मोजपट्टी. मग एकच दिवा अगदी आडवा धरून दुसरा फोटो घ्या; पुसट पेन्सिल आणि उचललेले पापुद्रे त्यातच दिसतात. शिंप्याला या फोटोंच्या छापील प्रती द्या, मूळ चित्र बाहेर फिरवू नका.

टाचणी सरळ ओढली तर कागद फाटतो, कारण गंज तंतूंना चिकटलेला असतो. टाचणी आणि कागद यांच्यामध्ये पातळ पॉलिएस्टर फिल्मचा तुकडा सरकवा, चिमट्यानं टाचणी किंचित गोल फिरवून पकड सोडवा, मग आली त्याच वाटेनं मागे घ्या. कापडाचा तुकडा जुन्याच भोकांतून सुती दोऱ्यानं परत बांधा. तो चित्राचाच भाग आहे. वेगळ्या पाकिटात गेला की कोणत्या पात्राचा, हे पुढं कोणालाच सांगता येत नाही.

हार्डबोर्ड भिजवून काढायला जाऊ नका. जलरंग डिंकावर धरलेला असतो, पाण्यानं आधी रंगच सुटेल. ते चित्र रंगाची बाजू वर करून आडवं ठेवा, वर काहीही टेकू देऊ नका. ते काम कागद-संवर्धकाचंच.

ठेवायची जागा आतल्या खोलीतलं कपाट. टिनाच्या छपराखाली नको, जमिनीपासून फूटभर वर हवं, वाळवीचा भरवसा नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर आणि हवा कोरडी, पावसाळ्यात दमट. कागद आखडतो-फुगतो, जाड रंग त्याच्यासोबत हलत नाही, म्हणून पापुद्रे सुटतात.

पडद्यामागे:
शिवणकामाचं सांगतो. चित्रातली आकृती खऱ्या माणसापेक्षा लांबट असते, बहुतेक पाय लांबवलेले असतात. म्हणून काठाची रुंदी उंचीवरून काढू नका, डोक्यावरून काढा. चित्रात डोकं ३ सें.मी. आणि माणसाचं साधारण २२.५ सें.मी., म्हणजे साडेसात पट. चित्रातला १ सें.मी. काठ साडेसात सें.मी. होईल. रंग मात्र चित्रावरून नाही, कापडाच्या तुकड्यावरून ठरवा; तुकडा उलटवून पाहा, मागची बाजू कमी उडालेली असते. निवडलेलं कापड रात्री मंडपातल्या दिव्यांखाली, शेवटच्या ओळीतून बघा. थंड पांढऱ्या एलईडीत मरून आणि तपकिरी जवळजवळ सारखेच दिसतात.

रेवती (अश्विनशेठची प्रेयसी) आणि कृत्तिका (फाल्गुनरावाची बायको) यांचे रंग दुरूनही वेगळे ओळखू आले पाहिजेत. आणि सगळ्यात महत्त्वाची ती अश्विनशेठची तसबीर, जिच्यावरून नाटकातला सगळा घोटाळा होतो. १९१६ साली संगीतरूपात येण्याआधी या नाटकाचं नावच 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' होतं. तसबिरीतल्या अश्विनशेठचं पागोटं आणि अंगरखा रंगमंचावरच्या पोशाखाशी तंतोतंत जुळायला हवेत. तसबीर बहुतेक ठिकाणी आयत्या वेळी कुठली तरी लावतात. मग फाल्गुनरावाचा संशय प्रेक्षकाला दिसत नाही, नुसता ऐकू येतो. पोशाख शिवून झाला की नटाचा त्याच वेशात फोटो काढा, त्यावरून तसबीर करून घ्या.

वैनगंगाकाठ:
तसबिरीचं ध्यानातच आलं नव्हतं जी. कसरीचं काय? डांबरगोळ्या ठेवू का?

कागदवैद्य:
डांबरगोळ्यांवर विसंबू नका, अंडी वाचतात. ते दोन कागद पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून जाड पॉलिथिन पिशवीत हवा काढून बंद करा आणि उणे १८ अंश किंवा त्याखाली सलग १४ दिवस ठेवा. घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्याचं तापमान लाइट गेली की चढतं, तिथं नको. आइस्क्रीमवाल्याचा भरलेला डीप फ्रीझर बरा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका, नाहीतर थंड कागदावर दव धरेल आणि रंग ओघळेल. पापुद्रे सुटलेलं चित्र यात घालू नका. मग मऊ ब्रशनं कसरीची घाण झाडा, आणि पेटीचा जुना अस्तरकागद जाळून टाका, कसर तिथंच राहते.