२५ जणांचा ट्रेक लीड करायचाय, लीडरमध्ये नेमकं काय लागतं?

नवा_वाटाड्या

ऑफिसच्या ग्रुपने डिसेंबरमधला राजगड माझ्या गळ्यात घातलाय. २५ जण, त्यातले आठ-नऊ डोंगर पहिल्यांदाच चढणार. गुंजवण्यातून चोरदरवाजाने वर, बालेकिल्ला (गडाचा सगळ्यात उंच भाग), उतरताना पाली दरवाजा, सगळं एका दिवसात. सोबत दोन को-लीडर. गडाची वाट पाठ आहे, दमही आहे. पण चांगल्या लीडरचे गुण म्हणून जे सगळीकडे वाचायला मिळतं (आत्मविश्वास, संवाद, सकारात्मक दृष्टिकोन वगैरे) त्याचं डोंगरावर करायचं काय, ते कळत नाही. जाणकारांनी जरा खुलासा करावा.

कारवी

दम आणि वाट या दोन्ही गोष्टी लीडरकडे असायलाच हव्यात, पण त्याने माणूस फक्त चांगला ट्रेकर होतो. लीडरचा पहिला गुण म्हणजे त्याचं लक्ष शिखरावर नसतं, सगळ्यात मागे रेंगाळणाऱ्या माणसावर असतं. दुसरा म्हणजे त्याला हिशेब येतो.

आधी वेळेचा हिशेब घ्या. सपाटीला ताशी ५ किमी आणि दर ६०० मीटर चढाईला वर एक तास, हा जुना नियम. समजा चाल ३ किमी आणि चढ ६०० मीटर धरला, तर ३६ मिनिटं अधिक एक तास. हा झाला एकट्या, सरावाच्या माणसाचा वेळ. २५ जणांत आठ-नऊ नवखे असतील तर त्याची दीडपट करा, म्हणजे जवळपास अडीच तास. शिवाय चोरदरवाजाखालच्या कातळात रेलिंग धरून एकेकालाच जावं लागतं. माणशी एक ते दीड मिनिट धरलं तरी २५ जणांना अर्धा तास लागतो, आणि रविवारी दुसरे ग्रुप आडवे आले की तास सहज जातो. हे नियोजनात धरलं नसेल तर लीडर तिथे "चला, चला, पटापट" करायला लागतो. कातळावर घाई करायला लावणं हाच सगळ्यात मोठा अवगुण.

चालीचा वेग सगळ्यात हळू माणसाचा ठेवा. त्याला शेवटी ठेवू नका, पुढच्या को-लीडरच्या मागे दुसरा-तिसरा ठेवा. मागे राहिला की काय होतं? पुढचे थांबतात, दहा मिनिटं बसतात, हा धापा टाकत पोचतो आणि त्याच क्षणी सगळे उठून चालू लागतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज जास्त, त्यालाच ती मिळत नाही. तासाभराने त्याच्या पायात गोळे येतात आणि मग आपण "फिटनेस नाही" म्हणून मोकळे. शेवटचा माणूस पोचल्यावर पाच मिनिटं मोजायची, त्याआधी नाही.

मोजणी बसमधून उतरल्यावर, प्रत्येक फाट्याला, चोरदरवाजाच्या आधी आणि नंतर, आणि माचीवरून (बालेकिल्ल्याखालचा गडाचा सपाट भाग) निघताना. "सगळे आले ना?" असं विचारू नका, "हो" हेच उत्तर येतं. प्रत्येकाला १ ते २५ आकडा द्या आणि तो म्हणायला लावा. गाळलेला आकडा लगेच कळतो.

घोरपड

कारवींशी बहुतांशी सहमत. एक भर घालतो. बरेच नवे लीडर स्वतः सगळ्यात पुढे चालतात. वाट चुकण्याजोगी असेल तर ठीक, पण राजगडला गुंजवण्याकडून वाट मळलेली आहे. पुढे एक को-लीडर द्या, तुम्ही मधे राहा आणि मागेपुढे होत राहा. सगळ्यात अनुभवी माणूस शेवटी हवा, कारण अडचण नेहमी शेपटाला येते. पाय मुरगळणं, चक्कर, बुटाचा तळ सुटणं, सगळं तिथेच. (चार वर्षं माळ्यावर पडलेले बूट ट्रेकच्या दिवशीच उघडतात. पाण्याच्या बाटलीभोवती जाड चिकटपट्टी दोन-तीन मीटर गुंडाळून न्या.)

शेवटच्याला एकच नियम: त्याच्या मागे कोणी नाही, आणि तो कोणाच्या पुढे नाही. कोणाला आडोशाला जायचं असेल तर सॅक वाटेच्या कडेला ठेवून जायचं. सॅक दिसली की शेवटचा तिथे थांबतो. हे बसमध्येच सांगा, वर गेल्यावर लाजेने कोणी विचारत नाही.

शिट्टीच्या खुणाही आधी ठरवा. एक म्हणजे थांबा, तीन म्हणजे मदत. दोन्ही टोकांचे फोन लागतीलच असं समजू नका.

औषधपेटी

लीडरला ऐकता यायला हवं म्हणतात, ते माझ्या मते मुख्यतः ट्रेकच्या आदल्या आठवड्यात. दमा, मधुमेह, रक्तदाब, मधमाशीची ॲलर्जी, चालू औषधं या सगळ्याची चौकशी प्रत्येकाला एकेकट्याने फोन करून करा. ग्रुपवर विचारलंत तर ऑफिसचे लोक काहीही सांगणार नाहीत, साहेब वाचतात ना! पंप आणि गोळ्या सॅकच्या वरच्या कप्प्यात आहेत का, ते पायथ्याला डोळ्यांनी बघा.

पाणी माणशी ३ लिटर. ज्याच्याकडे एकच बाटली दिसेल त्याला गुंजवण्यातच दुसरी घ्यायला लावा. आडोसा नाही म्हणून बायका मुद्दाम कमी पाणी पितात आणि दुपारी डोकं धरून बसतात. त्यासाठी सोयीच्या जागा आणि थांबे आधी ठरवून सांगणं हे लीडरचं काम. ओआरएसचं पाकीट ज्यावर १ लिटर लिहिलंय ते पूर्ण एका लिटरमध्येच घालायचं. अर्ध्या बाटलीत ओतलं तर द्रावण फार तीव्र होतं आणि फायद्याऐवजी त्रास होतो.

मधमाश्या: सुवेळा माचीच्या नेढ्याकडे (कातळातलं आरपार भोक) जाणार असाल तर अत्तर, धूर आणि आरडाओरडा बंद. पोळं उठलं तर हात झटकत उभं राहायचं नाही. तोंड-डोकं झाकून, कडा सांभाळत लांब निघायचं. काटे नखाने खरवडून लवकर काढा. ओठ सुजले किंवा श्वास लागला तर वाट बघू नका, १०८.

साप चावला तर चिरा नाही, चोखणं नाही, आवळपट्टी नाही. अंगठी-घड्याळ काढा, चावलेला हात किंवा पाय फळीसारखा स्थिर बांधा, माणसाला चालवू नका, उचलून न्या. प्रतिविष जवळच्या कुठल्या सरकारी रुग्णालयात आहे ते आदल्या दिवशी फोन करून विचारून ठेवा.

नवा_वाटाड्या

खूप आभार सगळ्यांचे. एकच शंका उरली. उशीर झाला आणि बालेकिल्ला रद्द करावा लागला तर? लोकांनी पैसे भरलेत, "इतक्या लांब आलोय, बघूनच जाऊ" म्हणणार. त्यात दोघं माझे सीनियर आहेत.

कारवी

तिथेच लीडर कळतो. पण तो वाद वर पोचल्यावर जिंकता येत नाही, आदल्या दिवशीच जिंकून ठेवावा लागतो.

हिशेब उलटा मांडा. डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो. पाली बाजूला पाचला खाली हवं. पायऱ्या रुंद असल्या तरी दमलेले गुडघे, म्हणून उतरायला दोन तास धरा. म्हणजे पद्मावती माचीवरून तीनला निघायचं. बालेकिल्ल्याची चढण अरुंद आणि खड्या पायऱ्यांची, चढणारे-उतरणारे तिथे एकमेकांत अडकतात. जाऊन-येऊन दीड ते दोन तास. म्हणून एक वाजेपर्यंत माचीवर सगळे पोचले तरच बालेकिल्ला. हे दोन आकडे, एक आणि तीन, आदल्या दिवशी ग्रुपवर लिहा आणि बसमध्ये पुन्हा सांगा. मग वर "नाही" तुम्ही म्हणत नाही, घड्याळ म्हणतं. सीनियरांनाही घड्याळावर रागावता येत नाही.

अर्धे वर आणि अर्धे माचीवर असं करायचं झालं तर दोन्हीकडे एक-एक लीडर हवाच. "तुम्ही बसा इथे देवळात, आलोच" म्हणून नवख्यांना एकटं सोडायचं नाही. ते कंटाळून फिरायला निघतात.

निर्णय सांगताना कारण एका वाक्यात द्या आणि थांबा. पाच कारणं दिली की लोक त्यातलं सगळ्यात कच्चं कारण धरून भांडतात.

घोरपड

+१. आणि दोन टॉर्च पुरतील असं समजू नका, माणशी एक, तोही डोक्याला लावायचा. मोबाईलचा उजेड धरला की रेलिंगसाठी एकच हात उरतो.

शिवाय उतरणार पालीकडे आणि बस उभी गुंजवण्यात, हे विसरू नका. ड्रायव्हरला सकाळीच वळसा घालून पाली बाजूला यायला सांगा, वेळ कागदावर लिहून द्या आणि त्याने जेवलंय का तेही विचारा.