नळीपेक्षा मूठ महत्त्वाची

नळी जितकी आखूड तितके पिस्तूल लपवणे सोपे, हे वरील प्रतिसादातील विधान मला अर्धेच पटते. पँटच्या आत खोचलेल्या होल्स्टरमध्ये (पिस्तूल ठेवण्याच्या म्यानात) नळी कमरेखाली उतरते आणि तिची लांबी बाहेरून फारशी जाणवत नाही. सदऱ्यातून उठून दिसते ती मूठ, म्हणून मुठीची उंची आणि जाडी हाच माझ्या मते पहिला निकष असायला हवा.

या चर्चेत मॅगझिनच्या, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीच्या, रचनेचा उल्लेख राहून गेला आहे. २०१५ साली आलेले ग्लॉक ४३ हे पिस्तूल सडपातळ असले, तरी त्याच्या एकेरी रांगेच्या मॅगझिनमध्ये ६ काडतुसेच मावतात. सिग सावर कंपनीने २०१८ मध्ये अमेरिकेत आणलेल्या पी३६५ पिस्तुलामध्ये मात्र काडतुसे खाली किंचित तिरकी, दुहेरी रांगेत बसतात आणि वर जाताना एकेरी होतात, त्यामुळे सुमारे एक इंच जाडीत ९ मिमीची १० काडतुसे सामावतात. पुढच्या वर्षी, २०१९ मध्ये, स्प्रिंगफील्ड कंपनीचे हेलकॅट पिस्तूलही याच वाटेने आले. या लहान आकाराची किंमत हाताला मोजावी लागते: आखूड मुठीवर करंगळीला जागा उरत नाही, वजन कमी असल्याने धक्का अधिक बसतो, आणि करंगळीसाठी मॅगझिनला तळाशी जोड लावला की लपवण्याची सोय पुन्हा कमी होते.