एकच सीटी परफ्युजन, दोन सॉफ्टवेअर: कोअर ८४ मिली की ३१?

प्रश्न (रेडिओलॉजी निवासी डॉक्टर, दुसरं वर्ष)
साठीतले काका, पक्षाघात: मेंदूची उजवी मधली धमनी (एमसीए) सुरुवातीच्या एम१ भागात बंद. पहाटे उठले तर डावा हात उचलेना; धडधाकट दिसले होते त्याला दहा तास झालेले. सीटी परफ्युजन (कॉन्ट्रास्ट देऊन मेंदूतला रक्तप्रवाह मोजणारा स्कॅन) केला. स्कॅनरवरच्या जुन्या सॉफ्टवेअरने कोअर, म्हणजे मेलेला भाग, ८४ मिली दाखवला. निकष, १०० ग्रॅम मेंदूमागे २ मिलीपेक्षा कमी सीबीव्ही (रक्ताचं आकारमान). दुसऱ्याने, सापेक्ष सीबीएफ (निरोगी भागाच्या तुलनेत रक्तप्रवाह) ३० टक्क्यांखाली या निकषावर, ३१. टीमॅक्स (रक्त पोचायला होणारा उशीर) सहा सेकंदांवर असलेला भाग १२० मिली. म्हणजे एका हिशेबाने टीमॅक्सचा भाग आणि कोअर यांचं गुणोत्तर १.४, दुसऱ्याने जवळजवळ ४! साध्या सीटीवर ॲस्पेक्ट्स (१० पैकी गुण; जितके कमी तितकं नुकसान जास्त) ७ होता, म्हणून न्यूरोच्या सरांनी थ्रॉम्बेक्टॉमी (नळी घालून गुठळी काढणं) केली. दुसऱ्या दिवशीच्या डिफ्युजन एमआरआयवर इन्फार्क्ट (प्रत्यक्षात मेलेला भाग) ३५ मिलीच्या आसपास. मग ८४ आला कुठून? त्या आकड्यावर काकांना परत पाठवलं असतं, हे डोक्यातून जात नाही.

उत्तर (न्यूरोरेडिओलॉजिस्ट)
रंगीत नकाशे बाजूला ठेवा, आधी सुपिरिअर सॅजिटल सायनसमधला (मेंदूतून रक्त बाहेर नेणाऱ्या मोठ्या शिरेतला) कॉन्ट्रास्टचा वक्र उघडा. तो वर चढून खाली बेसलाइनला आलाय का? स्कॅन किती सेकंदांचा होता?

प्रश्नकर्ता
४५ सेकंद. वक्र उतरायला लागतो आणि तिथेच संपतो.

उत्तर (न्यूरोरेडिओलॉजिस्ट)
मग ८४चं मूळ बहुधा तिथेच आहे. सीबीव्ही म्हणजे वक्राखालचं क्षेत्रफळ. कोलॅटरलवर (आडवाटेच्या रक्तवाहिन्यांवर) जगणाऱ्या भागात कॉन्ट्रास्ट उशिरा पोचतो. त्याची शेपटी कापली गेली की सीबीव्ही खोटा कमी येतो आणि जिवंत पेशी मेलेल्यांत मोजल्या जातात. गणितही तपासा. साधं एसव्हीडी डीकॉन्व्होल्यूशन (वक्रावरून प्रवाह काढायची गणिती पद्धत) उशिरा आलेल्या रक्तालाच कमी प्रवाह समजतं; ब्लॉक-सर्क्युलंट पद्धतीत तो दोष बराच जातो. मॅक्सिमम स्लोप या दुसऱ्या पद्धतीला तर झटपट बोलस (एकदम सोडलेला कॉन्ट्रास्ट) लागतोच. डीफ्यूज ३ (२०१८) या थ्रॉम्बेक्टॉमीच्या चाचणीतले निकष, कोअर ७० मिलीखाली आणि गुणोत्तर किमान १.८, हे सापेक्ष सीबीएफ व टीमॅक्सवर बेतलेले आहेत. ते सीबीव्हीच्या कोअरला लावूच नका.

उत्तर (न्यूरोलॉजिस्ट)
सरांशी सहमत. उलट बाजूही सांगते. पहिल्या दोन-तीन तासांत आलेल्या रुग्णात सीबीएफचा कोअरही फुगतो. वाहिनी लवकर उघडली तर त्यातला बराच भाग वाचलेला दिसतो. आणि आता मोठ्या कोअरच्या रुग्णांनाही थ्रॉम्बेक्टॉमीचा फायदा होतो हे रेस्क्यू-जपान लिमिट (२०२२) आणि सिलेक्ट२ (२०२३) या चाचण्यांनी दाखवलंय. निव्वळ एका आकड्यावर कुणालाही नाही म्हणू नका. त्याच बाजूची कॅरॉटिड अरुंद असेल तर टीमॅक्सही फुगतो, सीटीए (रक्तवाहिन्यांचा सीटी) बघितल्याशिवाय पेनम्ब्रा (धोक्यातला पण वाचवता येणारा भाग) लिहू नका.

उत्तर (सीटी टेक्नॉलॉजिस्ट)
मॅडम-सर, आमच्या बाजूचं सांगतो. कोपराच्या शिरेत १८ नंबरचा कॅन्युला, सेकंदाला ५ मिलीचा वेग, मागून सलाइन. स्कॅन ७० सेकंद ठेवा. हृदय कमजोर असेल तर बोलस रेंगाळतो, तिथे हे फारच लागतं. डोसची काळजी असेल तर ८० केव्हीवर घ्या आणि चाळीस सेकंदांनंतर दर तीन सेकंदांनी एकच फेरी मारा. डोस फार वाढत नाही आणि शेपटी पूर्ण मिळते.