मदत हवी आहे: चार अ‍ॅक्सेस पॉइंट, तरी फोन लांबच्यालाच चिकटतो

घाईगडबड: तीन मजले, चार अ‍ॅक्सेस पॉइंट (वाय-फाय सोडणारे डबे), सगळ्यांना एकच नाव, एकच पासवर्ड. खालून वर गेलं की फोन खालचाच पॉइंट धरून बसतो आणि कॉल तुटतो. वाय-फाय बंद-चालू केलं की लगेच ठीक. वाय-फाय ७ चे घेतले तर सुटेल का? ऑर्डर आजच टाकायची आहे.

तारजोड्या: पॉइंट कोणत्या पिढीचे? चॅनल कोणते, पॉवर किती? मागे केबल आहे की मेश (पॉइंट एकमेकांशी बिनतारी जोडलेले)?

मेशवाला: सरळ मेश संच घ्या. केबलची कटकटच नको.

तारजोड्या: अहो, केबल आहे की नाही तेच अजून कळलेलं नाही. मेशमध्ये एकाच रेडिओवर फोनशी आणि दुसऱ्या पॉइंटशी असं दोन्ही बोलणं चाललं की वेग निम्मा होतो.

घाईगडबड: केबल आहेच की, ते काय सांगायचं! वाय-फाय ५ आहेत. पॉवर 'हाय', चॅनल ऑटो, २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चॅनलची रुंदी ४० मेगाहर्ट्‌झ.

उणे_६७: 'हाय'च नडतंय. पॉइंट कधी बदलायचा हे फोन ठरवतो. आयफोन तर सिग्नल उणे ७० डीबीएमच्या (ताकदीचं माप; उणे आकडा मोठा तितका सिग्नल कमजोर) खाली गेल्याशिवाय दुसरा शोधतच नाही. खालचा पॉइंट वरपर्यंत ओरडतोय, म्हणून फोनला सगळं आलबेल वाटतं. पण फोनचा स्वतःचा आवाज क्षीण, तो खाली पोचत नाही. कांड्या भरलेल्या आणि कॉल मुका, तो यामुळे.

२.४ ला रुंदी २० करा, चॅनल १, ६, ११ हातानं द्या. चौथ्याला सगळ्यात लांबच्या पॉइंटचाच नंबर. पॉवर २.४ ला ८ डीबीएमच्या आसपास, ५ गिगाहर्ट्‌झला १४-१५, रुंदी ४०. ८०२.११के आणि व्ही (फोनला जवळचे पॉइंट सुचवणाऱ्या सोयी) चालू करा. आर (पॉइंट बदलताना झटपट जोडणी) शेवटी, कारण काही जुने प्रिंटर आर चालू असलं की जोडलेच जात नाहीत.

लगाम: एवढं कशाला? किमान सिग्नल उणे ६५ ठेवा, त्याखालच्याला पॉइंट हाकलून देईल.

उणे_६७: उणे ६५ ला दाराआडचा फोनही हाकलला जाईल आणि दोन पॉइंटमध्ये चेंडूसारखा टोलवला जाईल. ठेवायचंच तर उणे ७८, तेही पॉवर उतरवल्यावर.

कुलूपकिल्ली: पासवर्ड डब्ल्यूपीए३ (वाय-फायची नवी सुरक्षा पद्धत) वर आहे ना?

लगाम: तो प्रश्न कुणी विचारलाय?

तारजोड्या: वाय-फाय ७ बद्दल: ही सेटिंग तशीच राहिली तर नवे पॉइंटही हेच करतील. फोन वाय-फाय ६ चे असतील तर ७ चा फायदा नावापुरता. ६ गिगाहर्ट्‌झ भिंतीत आणखी लवकर मरतं. शिवाय स्विच (पॉइंटच्या केबल जोडायचा डबा) बघा: जुना पीओई (केबलमधूनच वीज देणारा) पोर्ट १५.४ वॉट देतो, ७ च्या बऱ्याच पॉइंटना ३० वॉटचा लागतो. घ्यायचेच तर वाय-फाय ६ चे घ्या.

घाईगडबड: ऑर्डर थांबवली. पॉवर उतरवली, जिन्यात कॉल टिकला. पण वरच्या कोपऱ्यातला टीव्ही आता अडखळतोय.

उणे_६७: टीव्ही काय जिने चढतो का? त्याला केबल द्या.

मेशवाला: मेश असता तर

लगाम: मेशवाले, पुरे.