बग बाउंटी द्यायची तर जोखमीच्या दहा टक्के द्या, नाहीतर नाटक बंद करा

बिनतारी
सॉफ्टवेअरमधला दोष (बग) शोधून गुपचूप कळवणाऱ्याला मिळणारं बक्षीस म्हणजे बग बाउंटी. फेब्रुवारी २०२२. जे फ्रीमन या सुरक्षा संशोधकाला ऑप्टिमिझम या इथेरियमवर आधारलेल्या नेटवर्कमध्ये एक बग सापडला. कॉन्ट्रॅक्ट (ब्लॉकचेनवर आपोआप चालणारा प्रोग्रॅम) नष्ट करताना त्यातलं ईथर (इथेरियमचं चलन) दुसऱ्या पत्त्यावर जमा व्हायचं, पण मूळ शिल्लक शून्य व्हायचीच नाही. तेच पुन्हा पुन्हा करत राहा, आणि हवं तेवढं ईथर पाडा. त्याने गुपचूप कळवलं आणि २०,००,०४२ डॉलर मिळवले. त्याच महिन्यात वर्महोल ब्रिजवर (एका ब्लॉकचेनवरून दुसऱ्यावर पैसे नेणारी सेवा) कोणीतरी सह्यांची पडताळणी चुकवून १,२०,००० रॅप्ड ईथर (दुसऱ्या चेनवर ईथरऐवजी चालणारं टोकन) छापले. सुमारे ३२ कोटी डॉलरचा फटका. पुढे वर्महोलने दुसऱ्याच एका बगसाठी १ कोटी डॉलर मोजले. बैल गेला आणि झोपा केला!

एरवी बग विकायला गिऱ्हाईक शोधावं लागतं. इथे बग म्हणजेच रोकड. म्हणून बक्षीस धोक्यातल्या रकमेच्या १० टक्के हवं, आणि ते आधीच जाहीर हवं.

शंकासुर
असहमत. ऑयलर फायनान्स या क्रिप्टो कर्ज देणाऱ्या सेवेचं काय? कोडची एकाहून जास्त ऑडिट झालेली, वर १० लाख डॉलरची बाउंटी. सदोष फंक्शन आठ महिने चेनवर उघडं होतं, कोणीही कळवलं नाही. मार्च २०२३ मध्ये १९.७ कोटी गेले. बक्षीस लावलं की शोधणारे धावत येतात, ही भाबडी समजूत आहे.

कोडगा
@शंकासुर, तुमचाच आकडा भागून बघा. १९.७ कोटींवर १० लाख म्हणजे जेमतेम अर्धा टक्का. एवढ्यासाठी कोण महिनाभर कोड उपसत बसेल?

शंकासुर
आणि १.९७ कोटी लावले असते तर सापडला असता, हे कशावरून? शिवाय ऑयलरच्या हल्लेखोराने नंतर जवळजवळ सगळे पैसे परत केले, ते काही बाउंटीमुळे नव्हे.

उंबरठा
तुम्ही दोघंही कोडच्या पलीकडे बघत नाही आहात. रोनिन या ब्लॉकचेनच्या ब्रिजवर (२०२२) व्यवहार मंजूर करणाऱ्या ९ पैकी ५ व्हॅलिडेटरच्या गुप्त किल्ल्या हल्लेखोरांच्या हाती लागल्या. बायबिट या क्रिप्टो एक्सचेंजमध्ये (फेब्रुवारी २०२५) सह्या करणाऱ्यांना पडद्यावर दिसत होतं एक आणि सही होत होती भलत्यावरच. सुमारे दीडशे कोटी डॉलर. यात कॉन्ट्रॅक्टचा बग कुठे आहे? बाउंटीच्या नियमांत तर फिशिंग सहसा आधीच वगळलेलं असतं. दहा टक्के म्हणे! त्यातला अर्धा पैसा किल्ल्या सांभाळण्यावर घाला.

बिनतारी
किल्ल्यांचा मुद्दा मान्य, पण तो वेगळा आजार आहे. एकाचं औषध दुसऱ्यावर चालत नाही म्हणून ते फेकून द्यायचं का?

चिकटपट्टी
रकमेवरून भांडताय, पण ती हातात पडते का ते विचारा. मी एका प्रकल्पाला रिपोर्ट दिला होता. मेननेटचा लोकल फोर्क (खऱ्या नेटवर्कची माझ्या मशीनवरची नक्कल), त्यावर चालणारा, बग खरा आहे हे दाखवणारा प्रूफ ऑफ कन्सेप्ट, सगळं जोडून. उत्तर आलं, "हे आम्हाला माहीत होतं." थोड्याच दिवसांत दुरुस्ती चढली, माझ्या बगची सिव्हिरिटी (गंभीरता) 'क्रिटिकल'वरून 'लो'वर उतरली. बक्षीस त्यांच्याच टोकनमध्ये, तेही लॉक केलेलं. पोस्टरवरचा आकडा दहा टक्के असो नाहीतर पन्नास, काय फरक पडतो?

उंबरठा
+१. आणि चोरी झाल्यावर "१० टक्के ठेवा, बाकीचे परत करा, तुम्हाला व्हाइट हॅट (सज्जन हॅकर) म्हणू" असे जे निरोप जातात, त्यांनाही बाउंटीच म्हणतात. ती सरळसरळ खंडणी आहे.

कोडगा
@चिकटपट्टी, उपाय सोपा आहे. रक्कम आधीच एका कॉन्ट्रॅक्टमध्ये जमा करायची. मग प्रकल्पाला हात आखडता घेता येणार नाही.

चिकटपट्टी
पैसे अडकवता येतील हो. पण बग 'क्रिटिकल' की 'लो' हे कॉन्ट्रॅक्ट कसं ठरवणार? ते माणूसच ठरवणार, आणि आज तो माणूस प्रकल्पाच्याच पगारावर असतो. त्याच्या जागी बाहेरचा पंच बसवा, मग दोन टक्क्यांवरही मी रात्र जागवीन.

शंकासुर
आणि पंचाचा पगार कोण देणार?